दुकानाची पाटी कोणाच्या नावावर?

२०१९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. लातूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला. "शेठ, धंदा बदलला की काय?" असे विचारून ते हसू लागले. आम्हाला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितले की, तुमची वेबसाईट उघडली तर तिथे तीन पत्तीचा खेळ दिसतो, पैसे लावा आणि पैसे जिंका. आम्ही मुलाला हाक मारली. त्याने मोबाईलवर पाहिले आणि मान खाली घातली. "अब्बा, नाव गेले."

आम्ही मालेगावात लुंगी आणि सुती नऊवारीचा घाऊक व किरकोळ व्यापार करतो. वडिलांपासूनची पेढी आहे. ज्या नावाने तीस वर्षे हुंडेकऱ्याकडे बिल्टी फाटली, त्याच नावाने जुगाराची जाहिरात चाललेली पाहून आमच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. ते नाव बिलबुकावर होते, पिशव्यांवर होते, त्या वर्षी वाटलेल्या दीड हजार कॅलेंडरांवर होते. शिवाय पाच हजार खोकी छापून गोदामात पडली होती.

हे झाले कसे, ते आधी सांगतो. कारण आमच्या बाजारातील दहा दुकानदारांना विचारले तर त्यांतील निम्म्यांना आपल्या वेबसाईटची कागदपत्रे कोणाजवळ आहेत हे ठाऊक नसते, असा आमचा अनुभव आहे.

२०१६ साली एका होतकरू तरुणाने आमची साईट बारा हजारांत बनवून दिली. मुलगा हुशार आणि बेईमानही नव्हता. परंतु साईटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते त्याने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. "चाचा, तुम्ही कशाला त्रास घेता, मी बघतो ना!" असे तो म्हणाला आणि आम्ही निश्चिंत झालो. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे. इंग्रजीत पत्र आले की अजूनही कोणाला तरी वाचायला देतो. दोन वर्षे त्याने नूतनीकरण केले, आम्ही पैसे दिले. पुढे त्याला आखातात नोकरी लागली. इथला मोबाईल नंबर बंद पडला, जुना ईमेल तो उघडेनासा झाला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्या ईमेलवर येत राहिल्या आणि तिथेच पडून राहिल्या.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. डोमेन कोणी कायमचे विकत घेत नाही. ते मुदतीच्या भाडेपट्ट्यासारखे असते. कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा वर्षे. मुदत संपली की डॉट कॉमसारख्या नावांना साधारणपणे काही दिवस, काही ठिकाणी ४५ दिवसांपर्यंत, नेहमीच्या फीमध्ये सोडवून घेण्याची सवलत मिळते. त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येते. तेही दिवस उलटले की नाव बाजारात मोकळे. चालू पेढीच्या नावावर डोळा ठेवून बसलेले लोक असतात, कारण त्या नावाला लोकांचे येणेजाणे असते, इतर साईटवरून त्याकडे वाटा गेलेल्या असतात. दुकान रिकामे झाल्याबरोबर पागडी घेऊन उभा राहणारा जसा असतो, तसाच हा प्रकार. आमच्या बाबतीत सगळी मुदत संपून गेली होती. वकिलाला विचारले. आमच्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला नव्हता, म्हणून भांडण लांबेल आणि खर्च नावाच्या किमतीपेक्षा जास्त होईल, असे त्यांनी सांगितले. आम्ही नाद सोडला आणि डॉट इनमध्ये दुसरे नाव घेतले.

या वेळी मात्र आम्ही समोर बसलो. खाते पेढीच्या नावाने उघडले, मोबाईल नंबर दुकानाचा दिला, पावती पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घेतली, पाच वर्षांचे पैसे एकदम भरले. पासवर्ड वहीत लिहून ती वही तिजोरीत ठेवली. एक बारकावा मुलाने सांगितला तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. या खात्याला जो ईमेल द्यायचा तो आपल्याच साईटच्या नावावरचा देऊ नये. नाव बंद पडले की त्या नावावरचा ईमेलही बंद पडतो, मग सूचना येणार कुठे? जो मोबाईल नंबर दिला तो रिचार्ज करून जिवंत ठेवावा. बरेच महिने न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, आणि मग आपला ओटीपी त्या दुसऱ्याच्या हातात जातो. "तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, ताबडतोब पैसे भरा" अशी खोटी पत्रेही येतात. ज्याच्याकडे खाते आहे त्याच्याच साईटवर स्वतः जाऊन तारीख पाहावी, पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवू नये.

साईट बनवणाऱ्याला काम द्यावे, किल्ल्या देऊ नयेत. त्याला कामापुरता प्रवेश वेगळा देता येतो आणि काम संपल्यावर काढून घेता येतो. होस्टिंग म्हणजे साईटचे सामान जिथे ठेवायचे ते गोदाम, तेही आपल्याच खात्यात असावे. पहिल्या वर्षी त्याचे भाडे स्वस्त सांगतात आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट मागतात. म्हणून पहिला भाव न पाहता नूतनीकरणाचा भाव विचारावा. महिन्यातून एकदा साऱ्या साईटची प्रत उतरवून पेनड्राईव्हवर ठेवावी. पत्त्याआधी एचटीटीपीएस नसेल तर क्रोम ब्राउझर २०१८ पासून "सुरक्षित नाही" असा शेरा दाखवतो. हे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी फुकट मिळते. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर कारण विचारावे.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? व्हॉट्सअॅप आहे, फेसबुक आहे, फुकट आहे. आम्हीही ते वापरतो. पण २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा त्यावर दुपट्टे आणि ड्रेस मटेरियल विकणाऱ्या पोरांचे ग्राहक एका रात्रीत गेले. गूगलने व्यवसायाच्या नोंदीबरोबर लहान दुकानदारांना फुकट साईट दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता त्यांची कार्डे रद्दी झाली. दुसऱ्याच्या ओट्यावर माल मांडायला हरकत नाही, गिऱ्हाईक मिळते. पण त्याला आपल्या दुकानाचा पत्ता तिथेच द्यावा.

नाव सुटले, आता आत काय लिहावे याकडे वळू.

आमच्या पहिल्या साईटवरचा मराठी मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये करून दिला होता. छापखान्यात तो झकास दिसे, मोबाईलवर मात्र किडे-मुंग्या. म्हणून त्या मुलाने मजकुराचे चित्र करून चिकटवले. उर्दूचे पानही तसेच. उर्दू वर्तमानपत्रांनीही इंटरनेटवर अनेक वर्षे असेच केले. परंतु शोधणाऱ्या यंत्राला चित्रातली अक्षरे मजकुरासारखी भरवशाने वाचता येत नाहीत. तीन वर्षे आमचे दुकान उघडे होते, पण पाटी आंधळ्या भिंतीवर होती. मजकूर युनिकोडमध्येच हवा, मराठी असो वा उर्दू.

आणि शब्द गिऱ्हाईकाचे हवेत. आम्ही "नऊवारी साडी" लिहीत होतो. विदर्भातली बाई "लुगडे" शोधते. कोणी "नौवारी" लिहितो, कोणी "काष्टा साडी". लुंगीला आपल्यात तहमदही म्हणतात. हे सारे शब्द वर्णनात सहज येतील असे लिहिले, तेव्हा यवतमाळ आणि अकोल्याहून फोन सुरू झाले. जाहिरातीवर तेव्हा एक पैसाही खर्च केला नव्हता.

वर्णनात कापसाचा काउंट, लांबी, पन्हा, वजन, रंग पक्का की कच्चा, धुतल्यावर किती आटते, हे सारे द्यावे. दुकानात गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून पोत पाहतो, सुरकुती पाडून पाहतो. इंटरनेटवर त्याच्या बोटांचे काम आपल्या शब्दांना करावे लागते. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावा आणि शेजारी पांढरा कागद ठेवावा. कागद पांढरा दिसला तर कापडाचा रंगही खरा दिसतो. ट्यूबलाईटखाली काढलेला मोरपंखी रंग आमच्याकडे निळा दिसला होता. त्या तग्याच्या चौदा साड्या परत आल्या, जाण्या-येण्याचे भाडे आमच्या माथी. कुठे गाठ आहे, कडेला धागा सुटला आहे, तर तोही फोटो टाकावा आणि भाव कमी लावावा. दुकानात आपण ऐब दाखवून विकतो, तोच रिवाज इथेही ठेवावा. फोटोचे वजन मात्र कमी करून टाकावे. गावातल्या गिऱ्हाईकाचा मोबाईल साधा असतो, पान उघडायला वेळ लागला की तो पुढे जातो.

दुकानाचे नाव, पूर्ण पत्ता, फोन, माल परत घेण्याच्या अटी आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचे नाव साईटवर देणे २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार आवश्यक आहे. सक्ती नसती तरी दिले असते. ज्याचा पत्ता नाही त्याला आगाऊ पैसे कोण देईल?

पत्त्यावरून आठवले. मालेगाव एक नाही. वाशीम जिल्ह्यात तालुक्याचे मालेगाव आहे, बारामतीजवळही आहे. अमरावतीचा एक व्यापारी नकाशा पाहत थेट वाशीमच्या मालेगावी जाऊन उभा राहिला आणि तिथून आम्हाला फोन केला. त्याला परत फिरावे लागले, आणि आमचा सौदा थंडावला. तेव्हापासून प्रत्येक पानावर "मालेगाव, जिल्हा नाशिक, ४२३२०३" असे लिहितो आणि गूगलच्या नकाशावर टाचणी दुकानाच्या दारातच आहे की नाही, हे स्वतः तपासतो. ही नोंद फुकट असते, ती अवश्य करावी. त्यात वेळ नीट भरावी. आमच्या गावात सुट्टी शुक्रवारी असते, पण आमच्या नोंदीत रविवार बंद आणि शुक्रवारी "आता उघडे आहे" असे कित्येक महिने दिसत होते. धुळ्याचे दोन गिऱ्हाईक जुम्याच्या दिवशी येऊन बंद शटर पाहून गेले. रमजानमध्ये दुकान रात्री उशिरापर्यंत चालते, ईदला बंद असते. त्या दिवसांची वेळ वेगळी भरण्याची सोय तिथेच आहे.

अभिप्राय विकत घेऊ नयेत. खुश झालेल्या गिऱ्हाईकाला सरळ सांगावे, "दादा, दोन ओळी लिहा." वाईट अभिप्राय आला तर भांडू नये. आमच्याबद्दल एका बाईंनी रंग गेल्याचे लिहिले. आम्ही तिथेच माफी मागितली, साडी बदलून दिली. त्यांनी तो शेरा काढला नाही, खाली एवढेच लिहिले की बदलून मिळाली. तो वाचून किती जणांनी खरेदी केली असेल कोणास ठाऊक.

व्हॉट्सअॅपचे बिझनेस अॅप भारतात २०१८ च्या सुरुवातीला आले. त्यात मालाची यादी लावता येते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणांना एकदम निरोप जातो, परंतु ज्याने आपला नंबर साठवला आहे त्यालाच तो पोचतो. म्हणून बिल देतानाच नंबर साठवायला सांगावे. रोज सकाळी गुलाबाचे फूल पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक ब्लॉक करतात. आम्ही महिन्यातून दोनदा पाठवतो, नवा माल आला तरच.

जाहिरातीत आम्ही एकदा चार हजार घालवले. "घाऊक लुंगी" एवढेच लिहिले होते. दिवसभर फोन, आणि प्रत्येकाला एकच लुंगी हवी. मग जाहिरातीत "किमान वीस नग" आणि भाव लिहिला, जिल्हे निवडले, दिवसाची दोनशेची मर्यादा घातली. फोन चौथ्या हिश्श्यावर आले, पण जे आले ते दुकानदारांचे होते.

पैशाच्या बाबतीत दोन शब्द. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. "लष्करातून बोलतोय, दोनशे लुंग्या हव्यात, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" असे सांगणारे बरेच आहेत. पैसे भरल्याचा फोटो पाहून माल सोडू नये, बँकेच्या खात्यात रक्कम दिसली तरच बिल्टी करावी. फसलोच तर तासाभरात १९३० वर फोन करावा. उशीर झाला की रक्कम पुढे पुढे जात राहते. माल पोचल्यावर पैसे, या पद्धतीत निम्मे नाही तरी बरेच खोके न उघडता परत यायचे. आता आम्ही पाठवण्याआधी स्वतः फोन करतो आणि भाड्यापुरते पैसे आधी घेतो. ज्याला खरेच घ्यायचे आहे तो देतो.

जुने नाव अजून त्या जुगारवाल्यांकडेच आहे. पाच हजार खोक्यांवर मुलांनी नव्या नावाची चिठ्ठी चिकटवली, गेल्या वर्षी शेवटची गड्डी संपली. नव्या नावाची मुदत पाच वर्षांनी संपली तेव्हा ती आणखी पाच वर्षांनी वाढवली. पुढची तारीख उधारीच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे आणि ती तारीख मुनीमजींनाही पाठ आहे.