एका पासपोर्ट फोटोकडून शिकूया चेहरा रंगवायला

श्रीनिवास रामानुजन हे नाव मोबाईलवर शोधून बघा. पुन्हा पुन्हा एकच चेहरा समोर येईल. पुस्तकाचं मुखपृष्ठ असो की शाळेतलं गणित दिनाचं पोस्टर, चेहरा तोच. कारण या थोर गणितज्ञाचे फोटोच मोजके आहेत आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध फोटो आहे त्यांच्या पासपोर्टवरचा!

रामानुजन वाढले तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरचं त्यांचं छोटंसं घर आज स्मारक म्हणून जपलं आहे. १९१९ मध्ये ते इंग्लंडहून आजारी अवस्थेत परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी गेले. पुढे १९३६ मध्ये केंब्रिजच्या प्रा. हार्डींनी भारतात येणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांना रामानुजनचा चांगला फोटो मिळवायला सांगितलं. तो मिळाला रामानुजनच्या पत्नी जानकी अम्माळ यांच्याकडच्या जुन्या पासपोर्टवर. हार्डींना त्या चेहऱ्यात आजारपण दिसलं आणि प्रतिभाही दिसली.

एकाच चेहऱ्यात अशा दोन गोष्टी दिसणं, हाच व्यक्तिचित्राचा जीव. तुम्हाला तैलरंगात चेहरा रंगवायला शिकायचं असेल, तर सुरुवात इथूनच करा. नाक-डोळे हुबेहूब आले, पण माणूसच आला नाही, तर चित्र ओळखपत्रासारखं दिसतं.

आधी माप, मग माणूस

कुंभकोणमजवळच स्वामीमलै आहे, पंचधातूच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध. तिथले स्थपती मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या झावळीची पट्टी कापतात. तिच्या घड्या घालून चेहरा, धड, पाय यांची मापं ठरवतात. देवाचा चेहरा त्या मापात चोख बसतो.

माणसाच्या चेहऱ्यालाही ढोबळ मापं आहेत. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात (नवशिके ते हमखास वर काढतात). दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावेल एवढी जागा असते. ही मापं पाठ करा. मग समोरचा माणूस मापापासून कुठे वेगळा आहे ते शोधा. एक भुवई किंचित वर? हनुवटी जरा पुढे? साम्य सापडतं ते या फरकांतच.

रंगांची घाई नको

पहिली दोन-तीन चित्रं एकाच तपकिरी रंगात करा. बर्न्ट अंबर टर्पेंटाइनने पातळ करा, कॅनव्हासवर सावल्या भरा आणि उजेडाच्या जागा कापडाने पुसून काढा. बघताना डोळे बारीक करा. बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि छाया-प्रकाशाचे मोठे आकार तेवढे उरतात. समोरच्या माणसाला खिडकीजवळ, एका बाजूने उजेड येईल असं बसवा. ट्यूबलाइट आणि मोबाईलचा फ्लॅश दोन्ही बंद ठेवा. समोरून पडणाऱ्या उजेडात चेहरा सपाट होतो.

पाच-सहा ट्यूबा पुरेत

मोठा संच घ्यायची गरज नाही. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एक लाल, बर्न्ट सिएना, आयव्हरी ब्लॅक आणि हवा असेल तर अल्ट्रामरीन ब्लू. भारतीय त्वचेसाठी 'स्किन कलर'ची तयार ट्यूब टाळा. ऑकर आणि बर्न्ट सिएनापासून सुरुवात करून उजेडात पांढरा, गालांवर लाल आणि सावलीत थोडा निळा मिसळा. सावळा रंग म्हणजे गोऱ्या रंगात काळा मिसळणं नव्हे. काळा जास्त झाला की चेहरा राखेसारखा दिसतो.

तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून नियम एकच : खालचा थर पातळ, वरचा तेलकट. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात. घरात लहान मुलं असतील तर टर्पेंटाइन त्यांच्या हाती लागू देऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग कधीच करू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या सुट्या वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून टाका.

भाव नेमका राहतो कुठे?

आपण डोळ्यांकडे बघतो, पण भाव बऱ्याचदा डोळ्यांच्या आजूबाजूला असतो. खरं हसू आलं की खालची पापणी किंचित वर सरकते. चिंतेत भुवयांची आतली टोकं उचलली जातात. ओठांचे कोपरे केसाइतके हलले तरी मूड बदलतो. म्हणून ओठ-डोळ्यांच्या कडा पेनाने आखल्यासारख्या कडक करू नका. रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने त्या हलक्या करा. कडा विरघळली की चेहरा श्वास घेतोय असं वाटतं.

मॉडेल मिळत नाही? आरशासमोर बसा. रेम्ब्रांने स्वतःचीच ४०च्या आसपास तैलचित्रं केली. तरुण वयापासून म्हातारपणापर्यंत तोच चेहरा, पण प्रत्येक वेळी वेगळं काही सांगणारा.

गुरू नसेल तर?

कुंभकोणममध्ये तमिळनाडू सरकारचं ललित कला महाविद्यालय आहे, मुंबईत १८५७ पासून जे. जे. आहे. पण सगळ्यांनाच तिथे जाता येत नाही. राजा रविवर्मांनाही तैलरंगाचं औपचारिक शिक्षण मिळालं नव्हतं. १८६८ मध्ये त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराला काम करताना बघायची मुभा मिळाली, तेव्हा विशीतल्या रविवर्मांनी बघून बघूनच पुष्कळ उचललं. आज व्हिडिओ आहेत, संग्रहालयांच्या वेबसाइटवर मोठी चित्रं झूम करून एकेक फटकारा बघता येतो. मात्र नुसतं बघत राहू नका. बघितलेलं त्याच आठवड्यात हाताने करून पाहा.

फोटो की समोर बसलेला माणूस?

१९८०च्या दशकात पॉल ग्रॅनलंड या अमेरिकन शिल्पकाराने रामानुजनचा ब्राँझचा अर्धपुतळा घडवला. पतीचा पुतळा उभारण्याचं आश्वासन पाळलं गेलं नाही, ही जानकी अम्माळ यांची खंत गणितज्ञ रिचर्ड अस्की यांच्यापर्यंत पोचली आणि जगभरच्या गणितज्ञांनी वर्गणी काढली. शिल्पकाराकडे आधार होता मुख्यतः त्याच पासपोर्ट फोटोचा. समोरून काढलेल्या एका सपाट फोटोतून कानामागचा भाग, मानेचा बाक आणि गालाची गोलाई त्याला कल्पनेनेच भरावी लागली असणार.

फोटोवरून काम करायला हरकत नाही. पण फोटो एका क्षणाचा असतो. समोर बसलेला माणूस दोन तासांत कंटाळतो, हसतो, जुनं काहीतरी आठवून गप्प होतो आणि ते सगळं थोडं थोडं रंगात उतरतं. मुंबईचे चित्रकार वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मानाचा पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या पत्नीच्या व्यक्तिचित्राला. रोज दिसणाऱ्या माणसाकडेही असं बघता येतं!

तुमच्या घरातही अशी माणसं आहेत. आजीला दुपारी चहा झाल्यावर खिडकीपाशी बसवा. छोटा कॅनव्हास घ्या, अर्धा तास काम करा, मग तिला विश्रांती द्या. तिला बोलू द्या. तिच्या लहानपणाबद्दल विचारा आणि ती सांगत असताना तिच्या भुवयांकडे बघा. पहिलं चित्र तिच्यासारखं दिसणार नाही, दुसरंही कदाचित नाही. तिसऱ्या वेळी घरातलं कुणीतरी जाता जाता थबकेल आणि म्हणेल, "अगं, ही तर आजी रुसल्यावर दिसते तशी दिसतेय!" तेवढं झालं की समजा, तुम्हाला भाव पकडता यायला लागला.