गाणं प्रेमाचं, नाव ‘त्सुनामी’! जपानचं लाडकं गाणं २०११ नंतर गप्प का झालं?

जपानमध्ये २६ जानेवारी २००० रोजी एका रॉक बँडचं प्रेमगीत बाजारात आलं. बघता बघता त्याच्या सुमारे २९ लाख सीडी खपल्या. त्याच वर्षी जपानचा मानाचा रेकॉर्ड पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे अकरा वर्षं हे गाणं घराघरांत वाजत राहिलं. मात्र ११ मार्च २०११ नंतर ते रेडिओ-टीव्हीवरून जवळपास गायब झालं. कारण एकच, गाण्याचं नाव होतं ‘त्सुनामी’.

मग सरकारने बंदी घातली का? नाही. पोलिसांनी थांबवलं? तेही नाही. तरीही लाखोंच्या तोंडी असलेलं गाणं बंद झालं. ते कसं, आणि पुन्हा लावायचं धाडस कुणी केलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

बँड कोणाचा?

बँडचं नाव सदर्न ऑल स्टार्स. टोकियोतल्या आओयामा गाकुइन विद्यापीठातल्या पोरांनी तो उभा केला. गाणी लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा म्होरक्या म्हणजे केइसुके कुवाता. कीबोर्ड वाजवणाऱ्या युको हारा पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. १९७८ साली पहिलं गाणं आलं तेव्हा कुवाता २२ वर्षांचे होते. ते गाणं धांगडधिंग्याचं होतं, त्यामुळे ‘ही पोरं नुसती गंमत करतात’ असं लोकांना वाटलं.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, त्यांनी ‘इतोशी नो एली’ म्हणजे ‘लाडकी एली’ हे संथ प्रेमगीत आणलं आणि लोकांचं मत बदललं. याच गाण्याचं इंग्रजी रूप १९८९ मध्ये अमेरिकेचे नामांकित गायक रे चार्ल्स यांनी गायलं. १९९० मध्ये ‘मानात्सु नो काजित्सु’ आलं. त्याचा अर्थ ‘ऐन उन्हाळ्यातलं फळ’. हाँगकाँगचे गायक जॅकी च्युंग यांनी हीच चाल चिनी भाषेत गायली आणि ती तिकडेही गाजली. आपल्याकडे एका भाषेतली चाल दुसऱ्या भाषेत जाते, तसाच हा प्रकार.

कुवातांचं गाव चिगासाकी हे समुद्रकाठचं. त्यामुळे त्यांच्या गाण्यांत समुद्र, वाळू, उन्हाळा आणि लाटा सारख्या येतात. आपल्या गाण्यांत पाऊस आणि पाणवठा येतो ना, तसंच. प्रेम जमायचं ठिकाण म्हणजे समुद्रकिनारा, अशी त्यांच्या गाण्यांची दुनिया आहे.

मग नाव ‘त्सुनामी’ कशाला?

आपण ज्याला बोलताना ‘सुनामी’ म्हणतो, तो शब्द मूळ जपानीच. ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. समुद्राच्या तळाशी भूकंप झाला की पाणी हलतं. खोल समुद्रात ही लाट विमानाच्या वेगाने धावते, पण उंची इतकी कमी की होडीतल्या माणसाला कळतही नाही. किनारा जवळ आला, पाणी उथळ झालं की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. म्हणून तिचा खरा मार बंदराला बसतो.

कुवातांच्या गाण्यात आपत्तीचं वर्णन नाही. एक माणूस आवडत्या व्यक्तीसमोर उभा राहिला की त्याचं काही चालत नाही. मनातलं ओठावर येत नाही, आणि भावना अशी अंगावर येते की सावरता येत नाही. त्या भावनेला त्यांनी त्सुनामी म्हटलं. सन २००० मध्ये ऐकणाऱ्यांनाही तो शब्द एक उपमा म्हणूनच भावला.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो २६ डिसेंबर २००४ ला. तामिळनाडू, अंदमान-निकोबारकडे लाटा आल्या आणि हजारो माणसं गेली. तेव्हापासून आपल्यासाठी हा शब्द फक्त मरणाचा. जपानी माणसाकडे मात्र त्याच शब्दाचं एक आवडतं गाणंही होतं.

११ मार्च २०११

त्या दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ रिश्टरच्या घरातला भूकंप झाला. पाठोपाठ लाटा आल्या. मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांहून जास्त माणसं गेली. गावंच्या गावं धुऊन निघाली.

यानंतर रेडिओ-टीव्हीवाल्यांनी हे गाणं लावणं आपणहून थांबवलं. जपानी भाषेत याला ‘जिशुकु’ म्हणतात, म्हणजे स्वतःच स्वतःला आवर घालणं. त्या वसंतात चेरीच्या फुलांचे सोहळे आणि आतषबाजीचे कार्यक्रमही ठिकठिकाणी रद्द झाले.

आपल्या गावात वेगळं काय होतं? शेजारच्या घरात दुःख झालं की लग्नघरचा डीजे बंद राहतो. ग्रामपंचायतीचा ठराव लागत नाही. ‘त्यांच्या घरात रडारड आणि आपण कसं वाजवायचं?’ एवढं मनात आलं की पुरे.

कुवाता त्या वेळी स्वतःच आजारातून उठलेले होते. २०१० मध्ये त्यांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. तरी सप्टेंबर २०११ मध्ये ते आपत्तीग्रस्त मियागी प्रांतात जाऊन गायले. ज्या सभागृहात गायले, तिथे काही महिन्यांपूर्वी मृतदेह ठेवले होते. बँड २००८ पासून थांबलेला होता, तो २०१३ मध्ये परत आला. पण सगळ्यात जास्त खपलेलं हे गाणं मंचावर घेणं त्यांनी टाळलं.

गप्प किती दिवस राहायचं?

इथे अवघड प्रश्न येतो. दुःखात गाणं बंद ठेवणं हा माणुसकीचा भाग झाला. पण ज्यांच्यासाठी बंद ठेवलं, त्यांना कुणी विचारतं का? एखाद्या बाईने गेलेल्या नवऱ्याबरोबर हेच गाणं ऐकलं असेल, तर तिला ते ऐकावंसं वाटू शकतं. तिच्याच शेजारणीला मात्र ते नाव नको असेल. दोघींचंही बरोबर आहे. दूर टोकियोत बसलेल्या माणसाने दोघींच्या वतीने ठरवणं अवघड आहे.

याचं एक उत्तर ओनागावा या मासेमारीच्या छोट्या गावाने दिलं. सुमारे दहा हजार वस्तीच्या या गावात आठशेहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली. जपानमध्ये आपत्ती आली की तिथल्या नगरपालिकेला तात्पुरतं एफएम केंद्र चालवायची परवानगी मिळते. ओनागावातही एप्रिल २०११ मध्ये असं केंद्र सुरू झालं. पाणी कुठे मिळेल, मदत कुठे आली, हे गावचीच माणसं सांगू लागली. पाच वर्षं हा रेडिओ गावाच्या सोबतीला राहिला.

मार्च २०१६ मध्ये केंद्र बंद होणार होतं. त्याच महिन्यात कुवाता ओनागावात आले आणि आपला रेडिओ कार्यक्रम तिथून थेट सादर केला. त्यानंतर काही दिवसांत केंद्राचं शेवटचं प्रसारण झालं. शेवटचं गाणं म्हणून गावच्या रेडिओने जे लावलं, ते होतं ‘त्सुनामी’.

त्या गाण्याला पुन्हा आवाज देण्याचा हक्क कुणाला असेल, तर तो लाटेत माणसं गमावलेल्या गावाला. दुसऱ्या कुणी ते लावलं असतं तर टीका झाली असती. ओनागावाने लावलं, तेव्हा ते पुन्हा प्रेमाचं गाणं झालं.

डिसेंबर २०१९ पासून बँडची जुनी-नवी गाणी मोबाईलवरच्या गाण्यांच्या ॲपवरही आली आहेत. हे गाणं ऐकायचं असेल तर जपानी येत नाही म्हणून अडणार नाही. चाल संथ आहे, आवाज थोडा खरखरीत आहे. आधी सन २००० मधलं प्रेमगीत म्हणून ऐकावं, आणि मग ओनागावाचा तो शेवटचा दिवस आठवून पुन्हा एकदा ऐकावं.