ललिता बाबर आणि डेटामधला रिकामा रकाना

रिसर्चला सुरुवात करताना डेटामधला रिकामा रकाना बहुतेकांना फसवतो. नोंद नाही म्हणजे तसं काही घडतच नव्हतं, असं आपण पटकन धरून चालतो. एका धावपटूच्या उदाहरणावरून हे बघू.

ललिता बाबर यांचा जन्म १९८९ चा, गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत तीनदा पहिल्या आल्या. पण त्यांची मोठी ओळख ३००० मीटर स्टीपलचेसची. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांनी पात्रता फेरी ९ मिनिटं १९.७६ सेकंदांत पूर्ण केली. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.

आता समजा, तुम्ही ऑलिम्पिक स्टीपलचेसचा तक्ता केलात. २००४ पर्यंत महिलांचा रकाना पूर्ण रिकामा दिसेल. कारण साधं आहे: महिलांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये आलीच २००८ साली. आशियाई खेळांत ती २०१० ला आली आणि पहिलंच सुवर्ण भारताच्या सुधा सिंग यांनी जिंकलं. म्हणजे क्षमता होती, मोजायची सोय नव्हती.

ही सोय का नव्हती, याची मुळं जुनी आहेत. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. जर्मनीच्या लिना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकल्या. अंतिम फेरीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. तरी ‘बायका कोसळल्या’ अशा बातम्या छापून आल्या, आणि ही शर्यत थेट १९६० मध्ये परत आली. मधली ३२ वर्षं पुन्हा रिकामा रकाना!

आपल्याकडचंच बघा ना. फास्ट लोकलच्या वेळापत्रकात ठाकुर्ली नसतं. म्हणून ठाकुर्लीला प्रवासीच नाहीत, असं कुणी म्हणेल का?

तेव्हा ‘आधी कुणी केलं नाही’ असं थीसिसमध्ये लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा: तेव्हा हे मोजलं जात होतं का? आणि मोजायचं की नाही, हे कुणी ठरवलं?