काचपेटीतली ऊब

डोंबिवलीत जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो, तेव्हा माणूस गोधडी ओढून घेतो. बॉल पायथनला गोधडीचा उपयोग नाही. गोधडी अंगातली ऊब धरून ठेवते आणि या अजगराच्या अंगात ती जवळपास तयारच होत नाही. बाहेरून ऊब मिळाली नाही, तर पोटातला उंदीरही नीट पचत नाही.

म्हणून पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश आणि दुसरे २५ ते २७ अंश ठेवतात. आपली जागा जनावर स्वतः निवडते.

खरा धोका थर्मोस्टॅटशिवाय लावलेल्या हीट मॅटचा. ती तापतच राहते आणि पोटाचे खवले भाजतात. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या वरच घट्ट चिकटवावा. तो सुटून गार कोपऱ्यात पडला, तर थर्मोस्टॅट मॅट बंदच करत नाही. सिरॅमिक हीटरला होल्डरही सिरॅमिकचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो, आणि भोवती जाळी हवीच. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे पाण्याचा थेंब झोळातूनच खाली गळतो.

मे महिन्यात प्रश्न उलटतो. ठाण्यातल्या पश्चिमेच्या गॅलरीत उन्हात ठेवलेली काचपेटी काही मिनिटांत भट्टी होते.

आणि तारांकित कासवासाठी असली पेटी मांडूच नये. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते घरात पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्याची नोंदणी २०२४च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.