नित्याच्या जीवनातील आनंद

दिल्लीच्या रामकृष्णपुरमसारख्या सरकारी वसाहतीत मराठी कुटुंबाचा दिवस कचेरी, शाळा आणि स्वयंपाक यांतच सरतो. अशा ठराविक दिनक्रमात श्रद्धेने आनंद कसा येतो, याचे एक उत्तर रेव्हरंड टिळकांच्या घरात मिळते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाईंवर हा मोठाच आघात होता. काही वर्षे उभयतांची ताटातूट झाली. पुढे त्या परतल्या, आणि जातिभेद मनुष्यानेच निर्मिले असे मनोमन पटल्यावर १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. चूल तीच राहिली. मात्र पंक्तीला कोणी बसावे, हे बंधन गळून पडले. अनाथ मुलेही घरचीच झाली. टिळकांनी येशूची भक्ती अभंगांत आणि कीर्तनांत आणली, त्यामुळे प्रार्थना मराठी घराला परकी राहिली नाही.

१९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई दारिद्र्य आणि विरहही हसतमुखाने सांगतात. दुःख टळले नव्हते. ते सोसणारा ख्रिस्त सोबत आहे, हा विश्वास होता. ख्रिस्ती श्रद्धेतील आनंद तो हाच. सुदिनाची वाट न पाहता तो हातच्या कामात आणि दारी आलेल्या माणसात सापडतो.