सायकल असावी आपल्या मापाची

सायकल खरेदी करताना रंग, गिअर आणि किंमत यांची बारकाईने चौकशी होते. शरीराचे माप मात्र क्वचितच घेतले जाते. सीट व हँडल नंतरही वर-खाली करता येतात, फ्रेमचे माप मात्र बदलता येत नाही. त्या चुकीचा भुर्दंड गुडघ्यांना आणि कंबरेला सोसावा लागतो.

भिंतीला पाठ टेकून अनवाणी उभे राहावे. दोन्ही मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर धरून त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. समजा, ते ८० सें.मी. भरले. त्यास ०.८८३ ने गुणल्यास क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते : सुमारे ७०.६ सें.मी. ‘टूर द फ्रान्स’चे त्रिवार विजेते ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हे सूत्र प्रसिद्ध झाले. रोड सायकलची फ्रेम या मापाच्या साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे ५३ सें.मी.च्या आसपास असावी.

सीट फार खाली असल्यास गुडघा पुढून दुखतो, फार वर असल्यास मागून. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहणे योग्य.

मुले वाढतील म्हणून मोठी सायकल घेणे ही काटकसर नव्हे. ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्याला वेळीच थांबता येत नाही. पैसे मोजण्यापूर्वी पाय मोजावेत, हेच हिताचे!