स्पर्धेचे पिस्तूल घेण्यापूर्वी

पॅरिस येथे २०२४ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने रायफलच्या आणि मनू भाकर हिने पिस्तुलाच्या नेमबाजीत कांस्यपदके मिळविल्यानंतर, ज्या कंधार तालुक्यात खेळ म्हटला की कुस्ती आणि कबड्डी यांचीच नावे प्रथम ओठांवर येतात, तेथीलही एखाद्या मुलाने वा मुलीने घरी एअर पिस्तुलाचा हट्ट धरावा यात नवल राहिलेले नाही. राष्ट्रकूटांच्या काळापासून उभ्या असलेल्या भुईकोटाच्या आणि त्याच्या रुंद खंदकाच्या या गावात तोफांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतील. परंतु दहा मीटरांवरील कागदी वर्तुळाचा वेध घेणाऱ्या या नाजूक उपकरणाची पारख कशी करावी हे सांगणारा जाणता मनुष्य मिळणे दुर्घट, आणि आयात केलेल्या चांगल्या पिस्तुलाची किंमत तर लाखाच्या पलीकडे जाते. एवढी रक्कम हातावेगळी करण्यापूर्वी तुलना कशाची करावयाची हे खेळाडूला आणि त्याच्या वडीलधाऱ्यांना नीट उमगले पाहिजे.

प्रथम कायद्याची बाब. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ साली जे नियम झाले, त्यांनुसार ज्या हवाई शस्त्राच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरांहून आणि ज्याची शक्ती २० ज्यूलांहून अधिक नाही, त्याला परवान्याची आवश्यकता नाही; स्पर्धेचे एअर पिस्तूल ही मर्यादा कोठेच ओलांडीत नाही. याउलट कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर प्रकारात सुवर्णपदक पटकाविले, त्यातील पॉइंट टू-टू पिस्तुलात खरे काडतूस उडते आणि त्यासाठी रीतसर परवाना लागतो. म्हणून नवशिक्याने दहा मीटरांपासूनच आरंभ करावा हे सर्व दृष्टींनी श्रेयस्कर. परवाना लागत नसला तरी पावती स्वतःच्या नावाची घ्यावी, ती जपून ठेवावी, आणि पिस्तूल पेटीबाहेर कोणाच्या दृष्टीस पडेल असे कदापि नेऊ नये.

दुकानदार आणि माहितीपत्रके ज्या गुणाची थोरवी सर्वांत अधिक गातात, तो म्हणजे नळीची अचूकता, नेमका तुलनेत सर्वांत कमी उपयोगाचा आहे. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. आणि ऑस्ट्रियाचे स्टायर, स्वित्झर्लंडचे मोरीनी, जर्मनीचे वाल्थर वा फाइनवेर्कबाऊ, इटलीचे पार्दिनी, यांपैकी कोणतेही पिस्तूल शिकंजात आवळून झाडले तर त्याचे छर्रे जवळजवळ एकाच छिद्रातून जातात. म्हणजे शस्त्र दहांत दहा गुण घेण्यास समर्थ असतेच. उरतो तो ते धरणारा हात. तेव्हा तुलना करावयाची ती त्या हाताच्या संदर्भातच.

यास्तव पहिली कसोटी मुठीची. मोरीनी हे नाव आज पिस्तुलांसाठी प्रसिद्ध असले तरी त्याचा मूळ लौकिक हाताच्या ठेवणीप्रमाणे कोरलेल्या लाकडी मुठींचा होता, ही गोष्ट मुठीचे महत्त्व कळण्यास पुरेशी आहे. मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातांसाठी निरनिराळ्या मिळतात. माप पाहण्याची रीत सोपी आहे: रिकामे पिस्तूल मुठीत धरून डोळे मिटावेत, हात लक्ष्याच्या दिशेने स्वाभाविकपणे उचलावा आणि मग डोळे उघडावेत; पुढची माशी मागच्या खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंस सारखा उजेड ठेवून उभी दिसली, तर मूठ हाताशी जुळली असे समजावे. माशी प्रत्येक वेळी एकाच अंगास कललेली आढळली, तर त्या मुठीवर कानसकाम करावे लागेल. कोठे लाकूड घासावे, कोठे लांबी भरून उंचवटा द्यावा, हे काम जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने चालू राहते. मात्र मूठ मनगटाच्या पुढे जाऊन त्याला आधार देणारी नसावी, असा स्पर्धेचा सक्त नियम आहे. वाढत्या वयाच्या मुलाचा हात दोन वर्षांत मूठ बदलावयास लावील हेही खर्चाच्या हिशेबात आधीच धरून ठेवावे.

दुसरी कसोटी चापाची. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असला पाहिजे. स्पर्धेपूर्वी तेवढे वजन चापाला टांगून पिस्तूल उचलले जाते आणि वजन न सुटता वर आले तरच ते पास होते. हे ५०० ग्रॅम दोन टप्प्यांत विभागलेले असतात: पहिल्या टप्प्यात बोट हलके मागे येते, मग एक स्पष्ट अडसर जाणवतो, आणि त्यापुढील अल्प दाबाने शॉट सुटतो. हा अडसर दर खेपेस एकाच जागी, एकाच दाबाने लागतो की नाही, हे छर्रा न भरता पन्नासदा चाप ओढून पाहावे. बोटाला येथे जे कळते ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

तिसरी गोष्ट तोलाची. पिस्तुलाचे वजन दीड किलोपर्यंत चालते, पण बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात, आणि ७५ मिनिटांत ६० शॉट एका हाताने झाडावयाचे असल्यामुळे एवढेही कोवळ्या खांद्याला जड होते. माशी आणि खाच यांत सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी अर्धा मिलिमीटर सरकताच दहा मीटरांवर छर्रा सुमारे १५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन वर्तुळे, बाजूला पडतो. उलट माशी-खाच जुळलेली असून सबंध हातच पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच हलतो. म्हणून ज्याचे नाक जड होऊन हात थकल्यावर माशी खाली झुकते, असे लांब पिस्तूल किशोरवयीन खेळाडूस घेऊन देणे मला गैर वाटते. अशा खेळाडूंसाठी आखूड नळीची हलकी पिस्तुले निघालेली आहेत.

हवेचा धक्का शोषणारी योजना असावी की नसावी, चाप यांत्रिक घ्यावा की बॅटरीवर चालणारा, या वादांत नवशिक्याने फार वेळ दवडू नये. त्यापेक्षा दुरुस्तीची तजवीज पाहावी. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खुद्द मनू भाकर हिच्या पिस्तुलात स्पर्धेच्या मध्येच बिघाड होऊन मोलाची मिनिटे गेली, आणि आठ जणींच्या अंतिम फेरीला मुकून ती बाराव्या क्रमांकावर राहिली. जागतिक दर्जाच्या खेळाडूवर जो प्रसंग ओढवू शकतो, तो कंधारच्या खेळाडूवर ओढवला तर सुटा भाग कोठून, किती दिवसांत येणार, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

हवेच्या सिलिंडरचाही विचार असाच स्थानिक परिस्थितीला धरून केला पाहिजे. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा भरावी लागते, आणि पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर आठ-दहा बारांपलीकडे सहसा जात नाही. म्हणून पाणबुडे वापरतात तशी टाकी, अथवा खास हातपंप, यांचा खर्च पिस्तुलाच्या किमतीतच मिळवावा. सिलिंडरला मुदत असते, बहुधा दहा वर्षांची. ती उलटली की स्पर्धेत हरकत निघू शकते. जुने पिस्तूल घेणाऱ्याने सर्वप्रथम हीच तारीख वाचावी. मुदत शिल्लक असेल, चाप निर्दोष असेल आणि मूठ जुळत असेल, तर वापरलेले पिस्तूल नव्यापेक्षा मुळीच कमी प्रतीचे नव्हे.

परंतु या साऱ्या कसोट्या शस्त्र हातात आल्याखेरीज लावता येत नाहीत, आणि कंधारच्या मुलाला पाच निरनिराळी पिस्तुले धरून पाहावयाची तर आज पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलासारखे दूरचे ठिकाण गाठावे लागते. दहा मीटरांच्या नेमबाजीला मोठे मैदान लागत नाही. भक्कम भिंतीची, एका टोकास लक्ष्य आणि दुसऱ्या टोकास खेळाडू ठेवता येईल अशी लांब खोली आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा प्रशिक्षक पुरतो. म्हणून तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांच्या चालकांना आणि क्रीडाखात्याच्या अधिकाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, एका घराने कर्ज काढून न पारखलेले पिस्तूल घेण्याची वेळ येण्यापूर्वी, दोन-तीन मापांच्या मुठींसह निदान एक चांगले सामायिक पिस्तूल त्यांनी येथे उपलब्ध करून द्यावे.